मे महिन्यातले दोन बनियन

डॉक्टरबाई, नमस्कार.

मी बावीस वर्षांचा आहे. गाव करवीर तालुक्यात, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. तुम्ही बाई आहात म्हणून महिनाभर लिहू का नको करत होतो. विषय छातीचा आहे. आठवीत असताना दोन्ही बोंडांखाली सुपारीएवढी गाठ आली. तेव्हा तालमीत जात होतो. जोडीचा पोरगा एकदा सगळ्यांसमोर काहीतरी बोलला आणि अख्खा हौदा हसला. दहावीचं निमित्त सांगून तालीम सोडली. वाटलं वयानं जाईल, गेली नाही. दीड वर्षापूर्वी जिम लावली. तिथल्या सरांनी दिवाळीच्या आधी तीन महिने आठवड्याला दोन इंजेक्शनं दिली, वर गोळ्या. दंड भरले, पण छातीही वाढली. दिवाळीपासून डावीकडं दुखतंय, शर्ट घासला तरी कळ येते. भट्टीवर सगळे उघडे असतात, मी मे महिन्यात दोन बनियन घालून. आता घरात मुली बघायला लागलेत. आईला कुणीतरी कॅन्सर असेल म्हणून सांगितलं, ती आंबेहळद लावते. वडील म्हणतात घाम गाळ, जाईल. मोबाईलवर जाहिरात येते, लेझरनं एका तासात, व्रण नाही, पैसे हप्त्यानं. वजन ८४ किलो, उंची पाच फूट आठ इंच. हे काय आहे? पुरुष म्हणून माझ्यात काही कमी आहे का? मुलंबाळं होतील का? ऑपरेशन करू का? आणि केलं तर तालमीत परत उतरता येईल का?

– एक वाचक, ता. करवीर

ती इंजेक्शनं आधी बंद कर. दिवाळीनंतर थांबलास की अजून घेतोयस, हे पत्रात कुठंच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. बाकीचं सावकाश बोलता येतं. कॅन्सरचंही.

बाई म्हणून लाजलास, चालायचंच. पण तीस वर्षं सर्जरी केल्यावर छाती ती छाती, बाईची काय आणि बाप्याची काय. तुझ्यासारखी पोरं ओपीडीत आली की दारातूनच ओळखू येतात. खांदे पुढं घेतलेले, पाठीला पोक, पिशवी छातीशी धरलेली. काय होतंय विचारलं की आधी पोट दुखतंय म्हणतात. सोबतचा माणूस बाहेर गेला की मग पहिली गुंडी निघते. एकानं आईची जुनी सुती साडी फाडून तिचा पट्टा छातीला आवळला होता. खालची कातडी घामानं पार सोललेली. दोन बनियनवाला तू एकटा नाहीस.

याला आम्ही गायनॅकोमास्टिया म्हणतो, जिममधली पोरं नुसतं ‘गायनो’ म्हणतात. नाव फार जुनं, दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्यानं ठेवलेलं. प्रत्येक पुरुषाच्या बोंडाखाली दुधाच्या ग्रंथीचा एक ठिपका जन्मापासून असतो. अंगात पुरुषी संप्रेरक भरपूर आणि बायकांचं थोडं, अशी दोन्ही असतात. (वस्तादांच्याही असतात, त्यांना सांगू नकोस.) हा तोल कलला की ठिपका वाढायला लागतो. कलण्याचे ठरलेले तीन हंगाम आहेत. जन्मल्याबरोबर, वयात येताना आणि पन्नाशीनंतर.

जन्माचं सांगते, कारण ते आपल्या घराघरातलं आहे. नवजात बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळं फुगते, कधी थेंबभर दूधही येतं. आपल्याकडं न्हाऊ घालणाऱ्या बायका ते पिळून ‘चीक काढतात’. त्या पिळण्यानं पू धरलेली तीन आठवड्यांची बाळं मी टेबलावर घेतली आहेत. घरात बाळ असेल तर त्या जागी कुणाला हात लावू देऊ नका, आपोआप बसतं. असो, पत्र तुझं आहे.

आठवीत तुला जे झालं, ते त्या वयातल्या साधारण निम्म्या पोरांना कमी-अधिक होतं. तेरा-चौदाव्या वर्षी जोर असतो आणि सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं विरून जातं. ज्या पोरानं तुझी चेष्टा केली, त्याच्याही छातीत तेव्हा सुपारी असण्याची शक्यता बरीच होती. तुझी विरली नाही, एवढाच फरक. आणि वर्षावर राहिलेल्या ग्रंथीत तंतू भरत जातात. कोवळी भेंडी जून झाली की कितीही शिजवा, चिवट ती चिवटच. तशी ती ग्रंथी निबर होते आणि मग गोळीनं, घामानं, लेपानं हलत नाही.

त्यावर इंजेक्शनं आली. सरांनी दिलं ते बहुधा टेस्टोस्टेरॉन किंवा त्याचं एखादं भावंड. एवढं पुरुषी संप्रेरक ओतल्यावर छाती बाईसारखी का वाढावी, असं तुला वाटलं असेल. शरीर जास्तीचा माल तसाच ठेवत नाही. चरबीत अरोमटेज नावाचं एन्झाइम असतं, ते जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं, म्हणजे बायकांचं संप्रेरक. अंगावर चरबी जास्त तेवढा हा कारखाना मोठा. दंडासाठी घेतलेलं औषध छातीवर निघतं ते असं. डावीकडची कळ म्हणजे ग्रंथी नव्यानं वाढत असल्याची खूण. म्हणजे तुझ्या छातीत एकाच वावरात दोन पिकं आहेत, आठवीतलं निबर झालेलं आणि दिवाळीचं अजून कोवळं. दोघांचा इलाज वेगळा. जाहिरातीतल्या एका तासात हे कुणी तुला विचारणार नाही.

सुई एकच होती का, आणि ती आणखी कुणाला टोचली? याचं उत्तर ठाऊक नसेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी करून घे. हे घाबरवायला म्हणत नाही.

आता एक घरच्या घरी करून बघ. दार लाव, उताणा झोप, हात डोक्याखाली. अंगठा आणि पहिलं बोट छातीच्या दोन कडांवर ठेवून हळूहळू बोंडाकडं आण. बोटं काहीच न लागता बोंडापर्यंत पोचली तर आत नुसती चरबी. मध्येच रबरासारखी, कडा असलेली चकती लागली आणि ती बरोबर बोंडाखाली असली, तर ग्रंथी. तुझ्या वर्णनावरून दोन्ही असणार. ८४ किलो या उंचीला जास्तच आहे.

म्हणून वडिलांचं निम्मं खरं. सहा-सात किलो उतरव, चरबीचा वाटा कमी होईल, अरोमटेजचा कारखानाही लहान होईल. पण ग्रंथी घामानं जात नाही. उलट भोवतीची चरबी उतरली की चकती जास्त उठून दिसते. “मॅडम, बारीक झालो आणि वाईट दिसायला लागलं” असं म्हणत येणारी पोरं दर उन्हाळ्यात भेटतात. धीर सोडून पुन्हा खायला लागू नकोस. बारीक आणि स्थिर वजनाच्या माणसाचं ऑपरेशन चांगलं होतं.

आईला माझं नाव घेऊन सांग की आंबेहळद मुक्या माराला ठेव. आणि कॅन्सरचं. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होतो, हे खरं. पण स्तनाच्या शंभर कॅन्सरांत पुरुषाचा एखादाच, आणि तोही बहुतेक उतारवयात. त्याची गाठ सहसा एकाच बाजूला असते, बोंडापासून सरकलेली, खड्यासारखी कडक. बोंड आत ओढलं जातं, त्यातून रक्त येतं, कातडी आत खेचली जाते. तुझी दोन्हीकडं, मधोमध, आठ वर्षं जुनी. गायनॅकोमास्टियाचा पुढं कॅन्सर होत नाही. क्लाइनफेल्टर या जन्मजात गुणसूत्राच्या प्रकारात मात्र धोका वाढलेला असतो. त्यात पुरुषाला एक्स गुणसूत्र एक जास्तीचं असतं, अंडकोष लहान आणि घट्ट असतात, दाढी विरळ. तुला तो प्रकार आहे असं मी म्हणत नाही, पण बघणाऱ्यानं बघितलं पाहिजे.

आणि इथंच मुद्दा येतो जो पोरांना सांगताना मला दरवेळी आवाज चढवावा लागतो. छाती दाखवायला आलेल्या पुरुषाची चड्डी न उतरवता परत पाठवणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर. अंडकोषातल्या काही गाठी संप्रेरकं बनवतात आणि त्यांची पहिली खूण छातीवर उमटते. तुझ्या वयात ते विरळ, पण होतं, आणि वेळेत सापडलं तर बरं होतं. गरम पाण्यानं आंघोळ करताना प्रत्येक अंडकोष दोन बोटांत हलके फिरवून बघ. कडक, न दुखणारा उंचवटा लागला तर दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टर स्वतः तपासतील, गरज वाटली तर सोनोग्राफी सांगतील. रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, एचसीजी ही संप्रेरकं, थायरॉइड, शिवाय लिव्हर आणि किडनी. चालू असलेल्या गोळ्यांची यादी दे. केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टराइड, पित्ताची जुनी सिमेटिडीन, मानसिक आजारावरची रिस्पेरिडोन, हृदयाच्या किंवा लिव्हरच्या त्रासावरची स्पायरोनोलॅक्टोन, यांनीही छाती वाढते. दारू घेत असशील तर तीही खरी सांग. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर या तपासण्या तिथूनच करून घे, नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढ. एवढ्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पुरुष म्हणून काही कमी आहे का, असं विचारलंस. छातीमुळं कमी काही नाही. इंजेक्शनांमुळं सध्या असू शकतं. बाहेरून संप्रेरक मिळायला लागलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो. ते आक्रसतात, वीर्यातले शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. थांबवल्यावर बहुतेकांचं काही महिन्यांत पूर्ववत होतं, काहींना वर्ष किंवा जास्त लागतं. मुलंबाळं हवी असतील तर या घडीला छातीपेक्षा त्या इंजेक्शनाच्या कुपीची काळजी कर.

दिवाळीच्या कोवळ्या पिकासाठी गोळी आहे, टॅमॉक्सिफेन. दुखरी, नवी वाढ असेल तर काही महिने देतात, दुखणं उतरतं, आकारही थोडा. जुन्या ग्रंथीवर तिचा उपयोग नाही. जिमवाले ती इंजेक्शनांसोबत ‘सेफ्टी’ म्हणून वाटतात. तुझ्या गोळ्यांत तीही असेल. स्वतःच्या मनानं घेऊ नकोस. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्यासारखे तिचे दुष्परिणाम आहेत. पुढं कुस्ती लढणार असशील तर आणखी एक अडचण आहे, ती शेवटी सांगते.

म्हणून माझा सल्ला असा, की ऑपरेशन पुढच्या दिवाळीनंतर. तोवर इंजेक्शन नाही, वजन उतरवायचं, तपासण्या पूर्ण करायच्या. इंजेक्शनांची वाढ जितकी ओसरायची तितकी ओसरेल, मग जे राहील ते काढायचं. थंडीचे दिवस बरे, कारण नंतर घट्ट जाकीट घालून राहावं लागतं आणि भट्टीजवळ उन्हाळ्यात ते नको वाटतं.

ऑपरेशनची हौस म्हणजे नखरा, असं तुला घरात कुणी म्हणेल. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना नावाचा ग्रीक सर्जन होऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की या व्यंगामुळं पुरुषाला बायकी म्हणून हिणवलं जातं, म्हणून ऑपरेशन करणं रास्त. छातीखाली चंद्रकोरीसारखी चीर घ्या, आतलं काढा, शिवा, हेही लिहिलंय. तेराशे वर्षांपूर्वीचा माणूस आणि तालमीतला तुझा जोडीदार, दोघांची टिंगल तीच. मी यात पॉलच्या बाजूची आहे. माणूस नदीवर जात नाही, डॉक्टरकडं जात नाही, लग्नाला घाबरतो, तर तो आजारच झाला.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. आदल्या दिवशी किंवा सकाळी तुला उभं करून छातीवर पेनानं खुणा करतील. उभंच, कारण झोपल्यावर चरबी बाजूला पसरते आणि माप चुकतं. मग पूर्ण भूल. सलाइनमध्ये लिग्नोकेन आणि अॅड्रेनलिन मिसळून ते चरबीत भरतात. रक्त कमी जातं, नंतरचं दुखणंही कमी. बगलेच्या बाजूला बारीक छिद्रातून तीन-चार मिलिमीटरची नळी घालून चरबी ओढून घेतात. हे लायपोसक्शन. १९८०च्या दशकात ते छातीसाठी वापरायला लागले आणि पोरांचे व्रण खूप लहान झाले.

पण चरबी ओढली तरी चकती आतच राहते. तिच्यासाठी बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या कडेवर चीर घेतात, काळी कातडी आणि गोरी कातडी मिळते त्या शिवेवर. ही चीर जेरोम वेबस्टर यांनी १९४६ साली लिहून ठेवली, आजही तीच चालते, कारण शिवेवरचा व्रण दिसत नाही. तिथून ग्रंथी वरच्या कातडीपासून आणि खालच्या स्नायूवरून सोडवून काढतात. बोंडाच्या मागं साधारण एक सेंटिमीटरचा थर मुद्दाम ठेवायचा असतो. ही जागा कौशल्याची. हावरटपणानं सगळं खरवडलं तर बोंड आत बसतं आणि छातीवर बशी ठेवल्यासारखा खड्डा पडतो. तो दुरुस्त करणं मूळच्या ऑपरेशनापेक्षा अवघड. कातडी फार लोंबत असेल तर ती काढून बोंड वर घ्यावं लागतं आणि व्रण मोठा होतो. तुझ्या वयाला आणि या वजनाला ती वेळ बहुधा येणार नाही.

निघालेली ग्रंथी पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे, नॉर्मल दिसली तरी. एका पोराच्या आईला मी ती ट्रेमध्ये दाखवली होती. ओल्या खोबऱ्याच्या तुकड्यासारखी पांढरट, चिवट, कडेला पिवळी चरबी चिकटलेली. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “एवढ्याशासाठी माझं पोरगं सात वर्षं पंचगंगेत पोहायला गेलं नाही?”

आता जाहिरात. लेझर चरबी वितळवू शकतो, निबर ग्रंथी बाहेर आणत नाही. तिला कुठून तरी वाट करून द्यावी लागतेच. मागच्या वर्षी एक मुलगा आला. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकात हप्ते भरून ‘विनाव्रण’ करून घेतलेलं. चरबी गेली होती, दोन्ही चकत्या जागच्या जागी होत्या आणि आता छातीवर दोन बटणं लावल्यासारखी दिसत होती. त्याचा बारावा हप्ता अजून बाकी होता.

तू जाशील तिथं विचार, की ऑपरेशन स्वतः कोण करणार आणि त्यांची पदवी काय. एमएस सर्जरी करून या कामाचा हात बसलेला सर्जन चालेल; प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी असेल तर उत्तम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस. फक्त चरबी काढणार की ग्रंथीही? भूलतज्ज्ञ कोण? खर्चाच्या कागदात भूल, जाकीट, पॅथॉलॉजी आणि काही बिघडल्यास परत टेबलावर घेण्याचे पैसे धरलेत का? फोटो दाखवतात ते त्यांच्याच पेशंटचे का? या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडून उठून ये. प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमावाल्यांचं काम, असा आपल्याकडं उगाच समज आहे. देशातला तिचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला.

मेडिक्लेमची फार आशा धरू नकोस. कॉस्मेटिक सर्जरी सगळ्याच पॉलिसींत वगळलेली असते. उपचार करणाऱ्या डॉक्टरनं वैद्यकीय गरज म्हणून लेखी दिलं तर काही वेळा दाद लागते, म्हणून दुखण्याची, तपासण्यांची कागदपत्रं आत्तापासून एका फाइलीत ठेव.

बिघडतं काय, तेही ऐक. सगळ्यात जास्त वेळा आत रक्त साचतं, पहिल्या दिवसा-दोन दिवसांत. माझाच एक पेशंट तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून मित्राला मागं बसवून गाडीवरून जोतिबाला गेला. संध्याकाळी एक बाजू नारळाएवढी. रात्री टाके उघडून रक्त काढलं. नारळ तिकडंच फोडायचा होता, मी त्याला म्हटलं. पाणी साचणं, बोंड काही महिने बधिर राहणं, दोन बाजूंत थोडा फरक, उंचसखलपणा हेही होतं. बोंडाचा रक्तपुरवठा जाणं विरळ, पण तंबाखू खाणाऱ्यात धोका वाढतो. भट्टीवरची पोरं पुडी ठेवतात, मला माहीत आहे. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तोंडात काही नाही. कान टोचल्यावर किंवा खरचटल्यावर तुझा व्रण उंच वाढत असेल तर सर्जनला आधीच सांग, छातीवर ते जास्त होतं.

नंतर एक-दोन दिवस नळी असते, घट्ट जाकीट चार ते सहा आठवडे, आंघोळीपुरतं काढायचं. बसून करायचं काम आठवड्यानं जमतं. तुझं तसं नाही. साचे उचलणं, वितळलेल्या धातूचं लॅडल ओढणं हे छातीच्या स्नायूंचं काम, ते सहा आठवडे बंद. सुपरवायझरला छाती सांगायची गरज नाही. सर्टिफिकेटवर ‘गाठीचं ऑपरेशन’ एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. आठव्या दिवशी आरशापुढं उभं राहून रडू नकोस.

म्हणून लग्नाची तारीख आणि ऑपरेशन एकमेकांना चिकटवू नकोस. तुझी खरी भीती मुलगी काय म्हणेल ही नाही, असा माझा अंदाज आहे. हळदीला सगळ्या भावकीसमोर उघडं बसावं लागेल, ही आहे. ऑपरेशन आणि हळद यांत निदान तीन-चार महिने ठेव. आणि ऑपरेशनआधीच जमलं तर गंजीफ्रॉक घालून हळद लावून घेणारे नवरदेव मी पुष्कळ पाहिलेत, कुणी कारण विचारलेलं आठवत नाही. होणाऱ्या बायकोला छातीचं कधी सांगायचं ते तू ठरव. इंजेक्शनांचं आणि शुक्राणूंचं मात्र ठरण्याआधी सांगायला हवं, कारण त्यात तिचाही हिशोब आहे.

पुन्हा येईल का? इंजेक्शनं पुन्हा घेतलीस तर येईल. बोंडामागं ठेवलेला तो सेंटिमीटरचा थर त्यासाठी पुरेसा आहे. नाहीतर सहसा येत नाही.

राहिली तालीम. सहा आठवड्यांनी सर्जन हो म्हणाले की बैठका, मग हळूहळू जोर. अंगाला अंग घासणारी लढत आणि हौद्यातली माती तीन महिन्यांनंतर, व्रण पक्का झाल्यावर. आणि मघाशी म्हटलं ती अडचण: टॅमॉक्सिफेन खेळाडूंसाठी बंदी असलेल्या औषधांत आहे, स्पर्धा असो नसो, बाराही महिने. टेस्टोस्टेरॉनही तसंच. मॅटवर किंवा मातीवर नाव नोंदवायचं असेल तर गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरला सांग की मी खेळतो. औषध म्हणून घ्यायचं झालं तर राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेकडं, म्हणजे नाडाकडं, आधी परवानगीचा अर्ज करावा लागतो.

पहिल्या भेटीला जिमच्या इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या, गोळ्यांची पाकिटं, जे सापडेल ते पिशवीत घालून ने. सापडलं नाही तर सरांकडून नावं लिहून घे. ते देणार नाहीत, मग आठवतं तेवढं सांग. पुढून गुंड्यांचा शर्ट घाल. बनियन एकच.